वगळलेली ओळ

जुन्या यंत्रांशी माझे कधीच जमले नाही. आजोबांचे घड्याळ मी एकदा दुरुस्त केले, तेव्हापासून ते दिवसातून दोनदाच बरोबर वेळ दाखवते. तरीही गेल्या दिवाळीत सॅन होजेला वहिनींकडे गेलो, तेव्हा दादाच्या जुन्या कॉम्प्युटरला हात लावल्यावाचून मला राहवले नाही.

तो मॅकिंटॉश प्लस, १९८६ साली निघालेला. नऊ इंचांचा काळापांढरा पडदा, एक मेगाबाइट स्मृती. पोटात हार्ड डिस्क नाहीच. सारा संसार ८०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर. म्हणून दादाने बाहेरून जोडायची वीस मेगाबाइटची डिस्क घेतली होती. पंचवीस फ्लॉप्यांचा ऐवज एका डब्यात!

या जोडणीचे नाव 'स्कझी'. उच्चारताना शिंक आल्यासारखे वाटते. पण तिचे सोवळे मोठे कडक. प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक हवा. त्यांतला सात हा कॉम्प्युटरचा. आधी डिस्क सुरू करायची, ती नीट फिरू लागली की मग कॉम्प्युटर. आणि साखळीच्या शेवटी टर्मिनेटर नावाचे बूच लावायचे. नाहीतर विजेचे संदेश टोकाला आपटून माघारी येतात आणि मागून येणाऱ्यांत घोटाळा करतात.

मी तारा जोडल्या, फ्लॉपी सरकवली. बूच मात्र खोक्यातच राहिले. पडद्यावर हसरा चेहरा उमटला आणि पाठोपाठ सवाल आला : ही डिस्क वाचता येत नाही, नव्याने तयार करू का? माझे बोट माऊसवर होते.

"थांबा, भाऊजी!" वहिनी म्हणाल्या. "नव्याने म्हणजे आतले सगळे पुसूनच ना?"

मी हात मागे घेतला. सारे बंद केले, खोके धुंडाळले, बूच लावले. या खेपेला डिस्कचे चित्र मुकाट्याने पडद्यावर येऊन बसले.

आत दादाची आईला लिहिलेली पत्रे होती. भाषा मराठी, लिपी रोमन. छापून तो ती पुण्याला पाठवी. आईला रोमन वाचता येत नसे. वाचून दाखवायचे काम माझे. ते कागद पुढे घर बदलताना हरवले.

१९८८च्या दिवाळीचे पत्र मी उघडले. करंज्यांच्या चौकशीनंतर ती ओळ होतीच : 'इथे मन लागत नाही. तू ये म्हणालीस तर परत येईन.'

त्या वर्षी आईची प्रकृती बरी नव्हती. तिच्या जिवाला घोर नको, म्हणून ती ओळ मी वाचलीच नव्हती. आईने 'ये' म्हटले नाही. दादाने पुन्हा विचारले नाही.

हे मी वहिनींना प्रथमच सांगितले. त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"मलाही कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आता सगळी वाचा, भाऊजी. एकही ओळ गाळू नका."

बाहेर पणत्या विझत आल्या होत्या. मी पहिल्या पत्रापासून सुरुवात केली.