शब्दांवाचून 'झिंगाट'

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत वरात निघाली की पोरांची फर्माईश ठरलेली असते : 'मास्तर, झिंगाट!' बँडचे मास्तर क्लॅरिनेटची रीड जिभेने ओली करतात आणि ढोलवाल्याकडे बघून मान हलवतात. गाणं सुरू होतं न होतं तोच पोरांचे हात वर जातात. तोवर कुणी एक शब्दही उच्चारलेला नसतो.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला पडद्यावर आला. त्यातलं हे गाणं अजय-अतुल यांनीच लिहिलं, बांधलं आणि गायलं. २०१७ मध्ये त्याच कथेवर कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' निघाला. नायिका रिंकू राजगुरूच होती आणि संगीतही अजय-अतुल यांचंच. २०१८ च्या 'धडक'साठी अमिताभ भट्टाचार्य यांनी हिंदी शब्द लिहिले. चाल तीच, बोली नवी.

चालींना असा प्रवास नवा नाही. १९६७ चं एक फ्रेंच गाणं पॉल अँका यांनी इंग्रजी शब्दांत नव्याने लिहिलं. १९६९ मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी ते 'माय वे' म्हणून गाजवलं आणि १९७८ मध्ये सिड व्हिशसने त्याचं पंक करून टाकलं.

'झिंगाट'च्या हिंदी अवतारात इतर ओळी बदलल्या, तो एक शब्द मात्र तसाच राहिला. का, ते वाजवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्यातला शेवटचा 'ट' म्हणजे ढोलावरची बंद थाप. गायकाला तो उच्चारता येतो, क्लॅरिनेटवाल्याला घडवावा लागतो. तो जीभ झटकन रीडला टेकवतो आणि सूर तिथल्या तिथे तोडतो. जीभ जराशी उशिरा पडली तर 'ट' विरघळतो आणि नाचणाऱ्यांचे पाय ढिले पडतात.

बँडमध्ये आणखी एक अडचण असते. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी-फ्लॅटचे, आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा. एकच सूर काढायचा तरी बोटं वेगवेगळी पडतात. म्हणून मोबाइलवर ऐकून बसवलेलं गाणं प्रत्येक वाद्यासाठी पुन्हा मांडावं लागतं. सगळी वाद्यं एका स्वरात आणण्याची ही मेहनत वरातीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरा कस मात्र श्वासाचा. चित्रपटात हे गाणं चार मिनिटांच्या आत संपतं. इथे ते संपू लागलं की घोड्यापुढून आरोळी येते, 'मास्तर, आखो एकदाव!' मग दोन क्लॅरिनेटवाले आपसांत वाटणी करतात. एक दम घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. दोघं एकदम थांबत नाहीत. साक्री तालुक्याच्याच पश्चिमेला, पिंपळनेरपलीकडच्या आदिवासी पाड्यांवर डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्र-रात्र पावरी फुंकली जाते. दमसासाची किंमत या मुलखाला नवी नाही.

आता फर्माइशींच्या यादीत 'झुमकावाली पोर'सारखी अहिराणी गाणीही 'झिंगाट'च्या मागोमाग येतात. त्यांचे शब्द तर नाचणाऱ्यांच्या घरचेच. तरीही वाजवणाऱ्याचं काम तेच : शब्द गाळायचे आणि त्यांचे आघात राखायचे.

याला नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. स्टुडिओत शब्द बदलणाऱ्याला जो मान मिळतो, तोच भर रस्त्यात, मेच्या उन्हात, शब्दांवाचून गाणं उभं करणाऱ्यालाही मिळायला हवा. पुढच्या वरातीत दोन गाण्यांच्या मध्ये बँड थांबला, तर लगेच नवी फर्माईश करू नका. आधी मास्तरांना पाणी विचारा.