यवांचे अंकुर

आमच्या देवालय समितीची बैठक आटोपली, की चहाच्या वेळी एक प्रश्न हटकून निघावयाचा : “मास्तर, चिरंजीव सध्या काय करतात?” या प्रश्नास मी सात वर्षे एकच उत्तर देत आलो होतो : “जर्मनीत असतो, रसायनाच्या कारखान्यात.” उत्तर सर्वस्वी असत्य नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक लाजिरवाणे होते. धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या बाबतीत जे जन्मात एकदाच केले, ते मी दर पंधरवड्यास चहाच्या पेल्याबरोबर करीत होतो.

खरी गोष्ट अशी, की माझा मुलगा बिअर करतो. जीवरसायनाची पदवी घेऊन तो पुढील शिक्षणासाठी परदेशी गेला, तेथे ही विद्या रीतसर शिकला, आणि आता फ्रांकोनिया प्रांतातील एका लहानशा बिअरशाळेत नोकरीस आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात ही विद्या शिकविली जाते, तिला प्राध्यापक असतात, परीक्षा असतात, हे त्याने मला पत्रांतून परोपरीने सांगितले होते. मी ती पत्रे वाचून पेटीत ठेवून दिली.

माझ्या या वागण्यास एक कारण होते, आणि ते केवळ लोकलज्जेचे नव्हते. माझे धाकटे काका दारूने गेले. आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर काजूची भट्टी होती. चैत्रात खडकातील खळग्यात बोंडू तुडविण्याचे काम सुरू झाले, की तो आंबूस वास आमच्या ओसरीपर्यंत यावयाचा, आणि त्याच सुमारास काका घरातून दिसेनासे व्हावयाचे. त्यांच्या तेराव्या दिवशी आईने मला तुळशीपुढे उभे करून शपथ घेववली. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. ती शपथ मी आजतागायत पाळली आहे.

2023 च्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्युर्नबेर्गला गेलो. पहिले आठ दिवस त्याच्या कामाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. नवव्या दिवशी तो म्हणाला, “बाबा, मला दोन दिवसांची सुटी आहे. जवळच बाम्बेर्ग म्हणून गाव आहे. परगावी गेलो म्हणजे मी काय करतो, ते एकदा माझ्याबरोबर येऊन पाहा. प्यावे असा आग्रह नाही.” सौभाग्यवतीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती घरीच राहिली, पण मी कपडे करीत असताना हळूच म्हणाली, “जाऊन तर या. त्याने किती दिवस वाट पाहायची?”

बाम्बेर्ग हे सुमारे 80 हजार वस्तीचे गाव. रेग्निट्झ नदीच्या दोन फाट्यांत आणि सात टेकड्यांवर ते वसले आहे. मधल्या टेकडीवर चार शिखरांचे प्रधान मंदिर आहे; इ. स. 1007 मध्ये सम्राट दुसऱ्या हाइनरिखने येथे धर्मपीठ स्थापिले, आणि तो व त्याची पत्नी कुनिगुंडे या दोघांची समाधी त्याच मंदिरात आहे. जुनी नगरसभा तर चक्क नदीच्या पात्रात, पुलावर बांधलेली. जुने गाव 1993 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढ्याशा गावात दहाच्या आसपास बिअरशाळा नांदतात, आणि बहुतेकींना शतकाशतकांचा इतिहास आहे. येथील धर्मगुरू-राजाने 1489 मध्येच आज्ञा काढली होती, की बिअरमध्ये माल्ट, हॉप आणि पाणी यांवाचून काहीही घालू नये. बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा त्यानंतरचा, 1516 चा.

मला वाटले होते, मुलगा एखादी छापील यादी काढून गुत्त्यांमागून गुत्ते दाखवीत सुटेल. तसे काही झाले नाही. स्टेशनातून बाहेर पडल्यावर तो प्रथम एका बाटल्यांच्या दुकानात शिरला आणि दारातच उभा राहिला. “बाबा, आधी खिडकी पाहायची,” तो म्हणाला. “उन्हात बाटल्या मांडल्या असतील, तर दुकानदाराला मालाची पर्वा नाही असे समजावे. हॉपच्या फुलांतील कडू द्रव्य प्रकाशाने बिघडते आणि त्याला घाणेरडा वास येऊ लागतो. तपकिरी काच पुष्कळ वाचवते, हिरवी थोडे, पांढरी काहीच नाही.” मग त्याने चारदोन बाटल्या उलटसुलट करून तारखा पाहिल्या. साधी बिअर जुनी होऊन मुरत नाही, शिळी होते, हे मला नवे होते. दारू जितकी जुनी तितकी चांगली, असे मी ऐकून होतो. शेवटी त्याने दुकानदाराला एवढेच विचारले, “आपण स्वतः आज घरी काय नेणार?” दुकानदार हसला, आणि मागल्या बाजूच्या थंड खोलीतून एक बाटली घेऊन आला.

“हा प्रश्न मी प्रत्येक गावी विचारतो,” मुलगा बाहेर आल्यावर म्हणाला. “जो उत्तर देताना सर्वांत महाग बाटलीकडे बोट दाखवतो, त्याच्याकडून काही घेत नाही. जो क्षणभर विचार करतो, त्याला मग पुढचा प्रश्न : या गावात पुढे कोठे जावे? चांगला दुकानदार आपल्या प्रतिस्पर्ध्याचेही नाव सांगतो.” आणि खरोखरच त्या दुकानदाराने सांगितलेली नावे मुलाने कागदावर टिपली होती. मला आमच्याकडील जुन्या वैद्यांची आठवण झाली. स्वतःचा हात चालेनासा झाला, की ते रोग्याला दुसऱ्या वैद्याचे नाव सांगत.

ओबेरे क्योनिगश्ट्रासे या रस्त्यावर समोरासमोर दोन बिअरशाळा आहेत. श्पेत्सिआल 1536 ची, आणि फेस्ला 1649 ची. श्पेत्सिआलच्या बोळात गावातली माणसे हातात पेला घेऊन उभ्या उभ्याच बोलत होती. एक सुतार असावा. त्याच्या कानामागे पेन्सिल होती. एक वृद्ध बाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून अर्ध्या लिटरचा पेला शांतपणे संपवीत होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. “ही दुसरी खूण,” मुलगा म्हणाला. “प्रवासी कोठे बसतात ते पाहू नये. भाजीची पिशवी घेऊन बायका कोठे थांबतात, ते पाहावे.”

मी गप्प होतो. माझ्या मनात दारू म्हणजे अंधार, लपवाछपवी आणि उंबऱ्याबाहेरची गोष्ट. ती बाई मला त्या चित्रात बसविता येईना.

दुपारी आम्ही मंदिराच्या टेकडीखालच्या श्लेंकेर्ला नावाच्या जुन्या घरात गेलो. या घराचा पहिला उल्लेख 1405 चा सापडतो. श्लेंकेर्ला म्हणजे हात हेलकावीत चालणारा. कोणे एके काळी येथील मालकाची चाल तशी होती म्हणतात, आणि घराला तेच नाव चिकटले. आत काळवंडलेल्या तुळया, आणि लाकडी पिंपातून थेट पेल्यात उतरणारी काळसर बिअर. मुलाने आपल्यासाठी एक पेला घेतला, माझ्यासाठी पाणी मागविले, आणि पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाला, “पयलीं वास घेयात, बाबा. पियेवंक ना.”

मी वास घेतला, आणि साठ वर्षे मागे गेलो. आमच्या रांधपखोलीवर माळा होता. चुलीचा धूर तेथे कोंडायचा. नारळ, सोले, बियाण्याची कणसे, सारे त्या धुरात टिकायचे. त्या माळ्यावर चढलो की जो वास यावयाचा, तोच हुबेहूब वास त्या परदेशी पेल्यात होता. मी काही बोललो नाही. मुलगाही बोलला नाही. पण त्याने माझ्याकडे पाहिले, आणि तो वास त्यालाही ठाऊक होता हे मला कळले. लहानपणी आजीच्या पाठोपाठ तोही त्या माळ्यावर चढला होता.

मग त्याने मला सारी क्रिया समजावून दिली. यव, म्हणजे आपला सातू, पाण्यात भिजवितात. भिजला की ओलसर पसरून त्याला मोड येऊ देतात. मोड पुरेसे आले की उष्णतेने वाळवितात. हाच माल्ट. यास सुमारे एक आठवडा लागतो. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्ये निर्माण होतात, आणि पुढे गरम पाण्यात तीच पिठूळ भागाची साखर करतात. पूर्वी सगळीकडेच माल्ट लाकडाच्या आगीवर वाळवीत, म्हणून जुनी बिअर बहुधा धुरकटच असावयाची. धूर न लागू देता वाळविण्याच्या भट्ट्या निघाल्यावर ती चाल मागे पडली. पण श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनी ती सोडली नाही. बीच वृक्षाच्या लाकडावर ते आजही आपला माल्ट आपणच वाळवितात.

“आजी नाचणीचे सत्त्व करायची, ते आठवते?” त्याने विचारले. “नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून दळायची. मी तेच करतो बाबा. आणि नवरात्रात देवळात रुजवण घालतात, तीही पहिल्या पायरीपर्यंत हीच क्रिया. मी पहिल्यांदा माल्टच्या खोलीत पाऊल टाकले, तेव्हा मला गर्भागारातल्या रुजवणीचा वास आला. तेव्हाच ठरविले, की हेच काम करायचे. तुम्हांला लिहिले नाही, कारण तुम्हांला ते आवडले नसते.”

मला ते आवडले नसते, हे खरे होते. देवाच्या रुजवणीची तुलना बिअरशी! परंतु त्या क्षणी रागही आला नाही. यव तर आमच्या होमातही लागतात. दाण्याला काय ठाऊक, त्याचे पुढे काय होणार?

संध्याकाळी आम्ही टेकडीवरच्या एका बागेत बसलो. या टेकड्यांच्या पोटात बिअर थंड ठेवण्यासाठी तळघरे कोरलेली आहेत, आणि वर सावलीसाठी दाट झाडे लावलेली. त्यांच्याखाली बाके मांडून लोक बसतात. म्हणून येथील माणूस टेकडी चढतानाही “तळघरावर जातो” असे म्हणतो. पेय तेथे विकत घ्यावे आणि खाणे घरून आणावे, अशी बव्हेरियातील जुन्या बिअर-बागांची रीत आहे. सौभाग्यवतीने दिलेली पोळीभाजी आम्ही सोडली. खाली मंदिराची चारही शिखरे उन्हात उजळली होती. शेजारच्या बाकावर आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे असे कुटुंब होते. आजोबांच्या पुढे पेला होता, नातवाच्या पुढे सफरचंदाचा रस.

तेथे मी त्याला काकांची गोष्ट सांगितली. आजवर त्याला मी एवढेच सांगितले होते, की ते तरुणपणी वारले. तुळशीपुढची शपथही सांगितली. तो बराच वेळ पेल्याला हात न लावता बसून राहिला. मग म्हणाला, “काका कोठे बसून पीत होते, बाबा?”

“कोठे म्हणजे? भट्टीमागे. काजूच्या झाडांत. एकटेच.”

“घरात कोणी त्यांच्याशी बोलत असे?”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. आजोबांनी त्यांना ओसरीची पायरी बंद केली होती. जेवण मागल्या दारी ठेवीत. मीच कितीदा ते ताट नेऊन ठेवले होते, आणि हाक न मारता परत आलो होतो. कारण तसे मला बजावलेले होते.

दारूने काकांचा घात केला, हे मी आजही म्हणतो, आणि माझ्या मुलानेही ते नाकारले नाही. त्याच्या धंद्यातही अशी माणसे त्याने पाहिली आहेत, असे तो म्हणाला. कोणता पेला शेवटचा, हे न कळणाऱ्याला हे पेय कितीही निर्मळ असले तरी विषच. पण मागल्या दारचे ते ताटही त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि एक गोष्ट मला तेथेच, त्या बाकावर उमगली : सात वर्षे मी माझ्या मुलाचे ताटही मागल्या दारीच ठेवीत होतो.

परत येताना त्याने रिकाम्या बाटल्या दुकानात परत केल्या. बाटलीमागे आठ सेंट अनामत मिळते. ती नाणी त्याने माझ्या हातावर ठेवली. “आजच्या तीर्थयात्रेची दक्षिणा,” तो हसून म्हणाला. ती मी देवघरात ठेवली नाहीत, हे खरे. पण चष्म्याच्या डबीत ती अजून आहेत.

शपथ मी मोडली नाही. आईला दिलेला शब्द आहे, तो माझ्याबरोबर जाईल. पण त्याच वर्षी घटस्थापनेच्या आधी समितीची बैठक झाली, आणि चहाच्या वेळी आमच्या सर्वांत वृद्ध महाजनांनी नेहमीप्रमाणे विचारले, “मास्तर, चिरंजीव काय करतात?” मी पेला खाली ठेवला आणि सांगितले : यव भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, आणि त्यांची बिअर करतो. पुढे म्हणालो, की आजवर मी आपणांस अर्धेच सांगत होतो.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. दोघेजण उठून गेले, ते आजही माझ्याशी मोजकेच बोलतात. वृद्ध महाजन मात्र जागचे हलले नाहीत. ते वर्षानुवर्षे रुजवणीची माती आणि धान्य स्वतः पाहत आले आहेत. त्यांनी चहा संपविला आणि विचारले, “यवाला मोड यायला तिकडे किती दिवस लागतात? तिकडे थंडी असते ना?”

मला ठाऊक होते, ते मी सांगितले. जे ठाऊक नव्हते, ते मुलाला विचारून सांगेन, असे म्हणालो. त्या रात्री मी त्याला पत्र लिहिले. त्याच्या कामाविषयी मी त्याला विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.