घेणाऱ्यांचं शेत

पैठणच्या माणसाला धर्मादाय म्हटलं की आधी धान्य आठवतं. फाल्गुन वद्य षष्ठीला संत एकनाथांची यात्रा भरते, गावोगावच्या दिंड्या येतात आणि त्यांच्या पंगतींसाठी तालुक्यातल्या खेड्यांतून ज्वारी, गहू, डाळ, गूळ निघतो. रब्बीची सुगी त्याच सुमारास असते, म्हणून देणाऱ्याच्या घरात तेव्हा दाणा असतो. निजामाच्या राज्यात देवस्थानांना, मठांना, दर्ग्यांना इनाम जमिनी होत्या. त्यांच्या उत्पन्नावर दिवाबत्ती, नैवेद्य, अन्नदान चालायचं. शेतीवर चालणारा धर्मादाय ही आमच्याकडे जुनी रीत आहे.

पण तिच्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरलेलं होतं. माझ्या लहानपणी यात्रेत घेणाऱ्यांच्या रांगेच्या अगदी टोकाला, गोदावरीच्या घाटाकडे, महारोगी बसत. पुढ्यात फडकं अंथरलेलं असे. त्यावर दाणे वरून टाकायचे, हाताला हात लागू द्यायचा नाही. जिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही ती माझी आजीसुद्धा वरूनच टाकायची.

कॉलेजात असताना एका सरांनी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीविषयी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, जंगलाच्या कडेला, बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीची शेती आहे आणि तिथे मे महिन्यात राज्यभरातली पोरं श्रमदानाला जमतात, एवढंच कळलं होतं. मी गेलो तो जरा गंमत म्हणून. आमच्याकडे काळी जमीन, ज्वारी, कापूस, कालव्याचं पाणी आल्यावर ऊस. तिथे लाल-पिवळी माती, धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि उन्हात मोहाचा वास. काम बांध घालण्याचं आणि तळ्यातला गाळ काढण्याचं होतं.

आमच्या तुकडीला काम दाखवायला एक वयस्क काका होते. बोटं आखूड झालेली, डाव्या पायात जाड रबरी तळाची चप्पल. त्यांच्या टिकावाच्या दांड्याला कापडाचा जाडजूड वेढा होता. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आला आणि मी थांबलो. ते म्हणाले, ‘‘तुला फोड आला की कळतं बाबू. मला तो बघावा लागतो.’’ कुष्ठरोगात हातापायांच्या नसा मरतात. काटा रुतला, चटका बसला, दांडा घासला तरी वेदना होत नाही, आणि वेदना नाही म्हणून माणूस थांबत नाही. साध्या फोडाची जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते. बोटं रोगानं झडतात असं आम्ही समजत होतो. ती जातात मुख्यतः या न कळलेल्या जखमांनी. म्हणून रोज संध्याकाळी काका कंदिलापाशी बसून तळवे आणि तळपाय निरखायचे, पाय पाण्यात भिजवून तेल लावायचे. शेतीचं काम त्यांच्यासाठी आमच्यापेक्षा दुप्पट होतं, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं.

त्यांच्या ताटाशेजारी बसून मी भात जेवलो. तो भात त्यांच्याच बांध्यांतला होता. घरी पत्र लिहिलं तेव्हा हे आजीला मुद्दाम लिहिलं.

परतताना वरोऱ्याला, समितीच्या मूळ वसाहतीत, आनंदवनात राहिलो. त्यानंतर अनेकदा गेलो, जुन्या माणसांशी बोललो, बाबांच्या पत्नी साधनाताईंचं ‘समिधा’ हे आत्मकथन वाचलं. बाबा वकील होते, वरोऱ्याजवळच्या गोरज्याच्या जमीनदार घराण्यातले. 1949 साली संस्था स्थापन झाली आणि 1951 मध्ये सरकारनं दिलेल्या 50 एकर जागेवर काम सुरू झालं. जागा म्हणजे दगड, झुडपं, साप आणि विंचू. हाताशी चौदा रुपये, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा. साधनाताईंच्या कडेवर विकास आणि प्रकाश ही मुलं, दोघंही अगदी लहान. पाणी नव्हतं, म्हणून सगळ्यात आधी विहीर. मजूर लावायला पैसे कुठले, आणि असते तरी तिथे आलं कोण असतं? बाबांनी आणि त्या रुग्णांनीच पहार, टिकाव, घमेली घेऊन भर उन्हाळ्यात खोदली. आनंदवनातलं जे काही मला आज दिसतं, त्यात ती विहीर मला सगळ्यात मोठी वाटते. ज्यांच्या हाताला दुखणं कळत नव्हतं त्यांनी कातळात पाणी काढलं.

शेतीच का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. त्याचं उत्तर औषधात होतं. सल्फोनची औषधं तेव्हा नुकतीच आली होती आणि रोगी बरे होऊ लागले होते. पण बरा झालेला माणूस जाणार कुठे? घरचे घेत नव्हते, गाव घेत नव्हतं, काम कुणी देत नव्हतं. त्याला पोट भरण्यासाठी पुन्हा फडकं अंथरायला लागू नये, तर पायाखाली जमीन हवी. बाबांचा भिकेवर राग होता तो यामुळेच. फुकट मिळालेल्या दाण्यानं माणूस जगतो पण उभा राहत नाही, असं ते मानत.

पीक आलं, भाजी आली, दूध आलं, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात घेणार कोण? शेतकरी म्हणून हे दुःख मला फार जवळचं वाटतं. माल पिकवून तो नासताना बघणं दुष्काळापेक्षा वाईट. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे नाना देशांतले तरुण तिथे येऊन राहिले, त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या, तिथलंच अन्न खाल्लं. ही गोरी पोरं बिनधास्त राहतात, खातात, हे पाहिल्यावर गावाची भीती ओसरू लागली आणि भाजी विकली जाऊ लागली, असं जुने लोक सांगतात. पुढे 1964 मध्ये संस्थेनं वरोऱ्यात आनंदनिकेतन महाविद्यालय काढलं आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालय. ज्यांची वांगी गाव घेत नव्हतं, त्यांच्याच संस्थेत त्या भागातल्या शेतकऱ्यांची मुलं शेती शिकायला बसली. मला याच्यापुढे कोणताही सत्कार थिटा वाटतो.

जमीन जाणं काय असतं हे आम्हाला ठाऊक आहे. आमची गोदाकाठची जुनी शेती नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात गेली. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 ला धरण झालं. मोबदल्याचे पैसे आमच्या भावकीत बघता बघता संपले आणि काही घरं दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लागली. कालव्यानं मराठवाड्याचं भलं झालं, ते मी नाकारत नाही. पण धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांच्या बाजूनं उभं राहायला बाबा 1990 मध्ये नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा ते का गेले हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

अलीकडे आनंदवनात गेलं की काळजी वाटते. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आले, सहा महिने ते दोन वर्षांत रोग बरा होऊ लागला, विकृती येण्याआधीच बरा होऊन माणूस घरीच राहू लागला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. 1898 चा महारोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग 2019 मध्ये वगळला गेला. पण ज्यांनी ती जमीन फोडली ते आता थकलेत, बरेच गेले. शेतीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेला आज देणग्याही लागतात, अनुदानही लागतं. म्हाताऱ्यांची सेवा खर्चिक असते आणि धानाला भाव नसतो. देणगी देणाऱ्यांनी तिथली भाजी, तिथल्या हातांनी विणलेली चादर आधी विकत घ्यावी, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

आमच्या खळ्यावरून षष्ठीच्या पंगतीला अजूनही ज्वारीची पोती जातात. मी ती बंद केली नाहीत. फक्त वाढायला आमच्या घरचा जो जातो, त्यानं हातात द्यायचं, हे घरात ठरलेलं आहे. आजीनंही शेवटच्या काही यात्रांत तसंच दिलं.

यंदा पुतण्या सोमनाथला निघाला आहे. त्याला कष्टाची सवय आहे, त्यामुळे छावणीची चिंता नाही. परतीच्या वाटेवर वरोऱ्याला उतर, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, आणि तिथल्या कुणालातरी पहिली विहीर दाखवायला सांग, एवढं त्याला बजावलं आहे.