तिसरा उद्गार

नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलांना दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. एक हिस्लॉपसाहेबांची आणि दुसरी टिळकांच्या आगगाडीची.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून इथं आले. त्यांनी शाळा काढल्या, गोंडांच्या कथा-गाणी टिपून घेतली, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि ४ सप्टेंबर १८६३च्या रात्री टाकळघाटजवळ पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. घोडा तेवढा स्वाराविना मुक्कामाला पोचला. लहानपणी मला हे हौतात्म्यच वाटायचं. त्या दिवशी ते दगडांच्या प्राचीन वर्तुळांचं उत्खनन आणि एक शाळा पाहून परतत होते, म्हणजे हा सरळसरळ अपघात होता, हे पुढं कळलं तेव्हा जरा हिरमोड झाला. त्यागाला काहीतरी भव्य कारण हवं, अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती.

टिळकांच्या गोष्टीत ते भव्य कारण होतं. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्यानं नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. पुढं टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, आप्तेष्ट गेले, बायको-मुलगा दुरावले.

हे शेवटचं वाक्य मी किती सभांत म्हटलं असेल! ‘जात गेली, आप्तेष्ट गेले, बायको-मुलगा दुरावले.’ त्या यादीत लक्ष्मीबाई टिळकांच्या मालमत्तेसारख्या बसल्या होत्या, आणि बोलताना मला काही खटकत नव्हतं.

मी पाळकाची मुलगी. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. मला बहुधा तिसरा उद्गार यायचा. वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या आईला प्रभू आपल्या शिष्याकडे सोपवतो, आणि शिष्याला तिच्याकडे. बाईमाणसाला हाच द्यायचा, अशी मंडळीची रीत. मी मनातून खट्टू व्हायचे. चौथा मिळावा, ज्यात तो देवालाच जाब विचारतो. निदान सहावा तरी, ज्यात सगळं पूर्ण होतं. तिसरा म्हणजे जगाच्या तारणाच्या मध्येच आलेली एक घरगुती बाब. मग मी तो पटकन उरकून त्यागाकडे वळायचे, टिळकांची गाडी सोडायचे आणि शेवटी पप्पांची साक्ष सांगायचे.

ती साक्ष अशी. आमच्या मंडळीतली एक बाई ऐन तिशीत विधवा झाली. पदरात तीन मुलं. पप्पांनी रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी आमच्या घरातलं सिंगरचं शिलाई मशीन हातगाडीवर चढवून तिच्या घरी पोचवलं. त्यावर तिनं मुलं शिकवली. थोरला पुढं रेल्वेत लागला. यातला शब्द न् शब्द खरा आहे, असं मी समजून होते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

पप्पा गेल्यानंतर काही वर्षांनी अशाच एका शुक्रवारी आई माझं बोलणं ऐकायला आली होती. परतताना ऑटोत ती म्हणाली, “मशीन माझ्या बाबांनी दिली होती. लग्नात.”

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

“नाही, तू सांगतेस तेव्हा ती त्यांची असते, म्हणून म्हटलं.” थोड्या वेळानं पुन्हा, “मले विचारलं असतं तर मी दिलीच असती. मी तेव्हा शाळेत गेले होते. आले तं जागा रिकामी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी वाद घातला असता, पप्पांची बाजू मांडली असती. पण तिची तक्रार मशीन गेल्याची नव्हतीच. द्यायचं पुण्य तिच्या वाट्याला आलंच नाही, एवढंच ती सांगत होती. तिच्या हातून देवाला जे अर्पण जायचं, ते तिच्या गैरहजेरीत दुसऱ्याच्या नावावर जमा झालं, आणि मी त्याच्या पावत्या वर्षानुवर्षं वाटत होते.

त्यानंतर मी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतलं. कॉलेजात वाचलं होतं तेव्हा लक्ष्मीबाईंच्या फजित्यांवर पोट धरून हसले होते आणि नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या बातमीनं त्यांनी मांडलेला आकांत मला थोडा अडाणीपणाचा वाटला होता. या वेळी तीच पानं पुढं सरकेनात. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई. नवऱ्यानं देव शोधला आणि हिच्या पायाखालची जमीन गेली. सवाष्ण असून नवरा नाही, नवरा जिवंत असून घर नाही. लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीच्या आधारानं दिवस काढायचे. टिळकांनी जे सोडलं ते त्यांनी ठरवून सोडलं, आणि सोडताना त्यांच्या मनात ख्रिस्त होता. लक्ष्मीबाईंचंही तेवढंच सुटलं, कदाचित जास्तच, आणि हाती तेव्हा काहीच नव्हतं. एकाच्या भक्तीचा खर्च दुसरीच्या खात्यातून झाला.

टिळकांना खलनायक करायचा माझा इरादा नाही. त्यांचं बायकोवर अतोनात प्रेम होतं हे त्याच पुस्तकात पानोपानी दिसतं. शिवाय चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या. जातपात माणसानं केली, देवानं नव्हे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या डोक्यानं आल्या, आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यामागं फरपटत जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढं १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासाची भाषा सुरू केली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तेव्हाही संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनीच निभावली. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ अखेर त्यांनीच पुरं केलं. पहिला त्याग त्यांच्याकडून घेतला गेला, नंतरचे त्यांनी दिले. मला या दोन्हींतला फरक दिसत नव्हता. आता दुसरं काही दिसत नाही.

एकदा हे दिसू लागलं की पवित्र शास्त्र वाचणं अवघड होतं. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम पहाटे उठून इसहाकाला बळी द्यायला मोरिया देशात निघतो. सारेचं त्या अध्यायात नाव नाही. तिला कुणी विचारलं का, सांगितलं का, काही नाही. तेविसावा अध्याय उघडतो तो तिच्या मृत्यूनं. यहुदी परंपरेनं या दोन घटना एकमेकींना जोडल्या आहेत; आम्ही संडे स्कूलमध्ये त्या वेगवेगळ्या रविवारी शिकवतो, त्यामुळं प्रश्नच येत नाही. उलट मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू थेट बोलतो. म्हाताऱ्या आईबापांच्या पोटाला लागणारं धन ‘देवाला वाहिलं’ म्हणून मोकळे होणाऱ्या धार्मिकांना तो ढोंगी म्हणतो. देवाच्या नावानं दिलेलं दान देवच नाकारतो, असा हा प्रसंग. मी त्यावर एकदाही बोलले नव्हते.

आपल्या मातीत हे भान होतं. तुकोबांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले, हे पोरसोर जाणतं. पण परंपरेनं जपलेला एक तपशील आपण सांगताना गाळतो. त्यांनी आधी कागदांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हवाली केला आणि आपलाच अर्धा बुडवला. देवाच्या पायी वाहायचं ते स्वतःचं. आवलीला विचारलं होतं का, ते मात्र परंपरा सांगत नाही. तिच्या वाट्याला कजाग बायकोची भूमिका आली आहे, तीन-चारशे वर्षं.

आणि हे नागपूर आहे. इथं धर्मांतर म्हटलं की रेल्वेच्या डब्यातला एकटा माणूस आठवत नाही, १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. बाबासाहेबांनी त्या दिवशी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती पत्नी माईसाहेबांसह, एकाच वेळी. आणि समोर जी लाखो माणसं होती ती लेकराबाळांसकट आलेली, घरंच्या घरं. माझ्या शेजारच्या बाईंची आजी आपल्या सासूचा हात धरून गेली होती, असं त्या सांगतात. आमच्या मंडळीत आम्ही एकेकट्या आत्म्याच्या निर्णयाचं कौतुक करतो. ते कौतुक मलाही हवंच आहे, पण ‘घरंच्या घरं’मध्ये काहीतरी आहे जे आम्ही हरवून बसलो.

अर्थात आमच्याकडेही एक उदाहरण आहे आणि तेही याच गावातलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. पप्पा त्या गर्दीत होते. प्रत्येकानं आपलं जुनं नाव सोडलं, आणि नाव सोडणं ही लहान गोष्ट नव्हे. बोलणी मात्र १९२९ पासून चाललेली. मला पूर्वी या चाळीस वर्षांच्या चर्चेचं हसू यायचं. पवित्र आत्म्याला एवढ्या समित्या लागतात का, असं मी पप्पांना चिडवायचे. आज वाटतं, ज्यांचं जायचं होतं त्यांना विचारत बसायला तेवढा वेळ लागणारच.

माझ्या भावाला यातलं काही पटत नाही. तो म्हणतो, घरी विचारून निघायचं ठरवलं असतं तर अब्राहामानं ऊर सोडलं नसतं आणि १८४५ साली इथं कुणी आलं नसतं. विचारल्यावर ‘नको’ असं उत्तर आलं तर? पेत्रानं जाळी टाकली तेव्हा घरी सासू होती, म्हणजे बायकोही होती. आणि प्रभूची आई-भावंडं बाहेर उभी असताना, माझी आई कोण, असं विचारणारा प्रभूच होता ना? लूकच्या चौदाव्या अध्यायात तर आईबाप, बायको, मुलं यांचा द्वेष करण्याइतकी कठोर भाषा आहे. हे सगळं खरं आहे. त्या अध्यायाला मी वळसा घालत नाही, तो माझ्या अंगावर येतो. बोलावणं इतकं प्रखर असू शकतं की माणूस मागं वळून विचारत नाही, हे मी मान्य करते. टिळकांचं तसं झालं असेल.

पण म्हणूनच तिसरा उद्गार मला आता सोडत नाही. घराच्या दारात आईला बाहेर उभी ठेवणारा तोच हा मुलगा. त्याला तेहतिसाव्या वर्षी मरायचं आहे, ते त्यानं स्वतः पत्करलं आहे. आपला प्राण कुणी हिसकावून घेत नाही, आपण तो आपणहून देतो, असं तो योहानात आधीच सांगून बसला आहे. आणि नेमकं तिथं, श्वास घेणं मुश्किल असताना, आपल्या देण्यामुळं जिचं सगळं जाणार आहे ती बाई त्याला दिसते. तो तिला, तुझाही हा त्याग आहे, तू धन्य आहेस, असलं काही म्हणत नाही. ती आज रात्री कुणाच्या घरी जाईल ते ठरवतो. योहान लिहितो की त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. तारणाच्या मध्ये आलेली घरगुती बाब म्हणून मी जिला झटकून पुढं जात होते, ती मला आता वधस्तंभाची कसोटी वाटते. त्यागी माणसाची वाखाणणी ऐकली की मी पहिल्यांदा त्याच्या आसपास कोण उभं आहे ते पाहते. लोकांना हा माझा तिरकसपणा वाटतो. थोडा आहेही.

भावानं एकदा सरळच विचारलं, “मग पप्पा चुकले का?” मशीन त्या बाईकडे जायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पप्पा देवाचा माणूस होते. फक्त ती साक्ष त्यांची नव्हती, त्यांनी मला सांगितली आणि मी पुढं चालवली. यंदा मी तिसरा उद्गार मागून घेतला आहे. पाळकसाहेबांना नवल वाटलं, कारण हा कुणी मागत नाही. साक्षही सांगणार आहे, आईच्या नावानं. पण या वेळी तिला आधी विचारलं. चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

“सांग की,” ती म्हणाली. “पण सिंगर सिंगर करत नको जाऊ. उषाची होती.”