निळ्याचे पिवळे

माझ्या फ्रीजमध्ये दिवाळीतही फराळाला जागा नसे. हा फ्रीज अर्थात प्रयोगशाळेतला. त्यात २ ते ८ अंशांवर पुठ्ठ्याची खोकी जपून ठेवायची. खोक्यात चारसहा बाटल्या आणि ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली. आप्पेपात्राची धाकटी बहीणच म्हणा ना!

खळग्याच्या तळाशी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. रक्तातले नेमके एकच एन्झाइम त्यांना ओळखू येते. ते अडकले की बाकीचे धुऊन टाकायचे आणि दुसरे प्रतिपिंड सोडायचे. त्याच्या पाठीवर आणखी एक एन्झाइम असते, बहुधा मुळ्या-मोहरीच्या कुळातल्या एका झणझणीत मुळातून काढलेले. रंगद्रव्य घातले की खळगा निळा होतो, आम्ल पडताच पिवळा. पिवळा जितका गडद, तितके एन्झाइम जास्त. या इलायझा पद्धतीचा पाया १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनी घातला. त्याआधीच्या मोजणीला किरणोत्सर्गी द्रव्य लागे. एन्झाइमाने एन्झाइम मोजायचे, ही मला तरी काट्याने काटा काढण्यापेक्षा सरस युक्ती वाटते.

१९९८ च्या दिवाळीत माझ्या बहात्तर वर्षांच्या आत्याच्या छातीत दुखू लागले. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंना शक्ती पुरवणारे एन्झाइम. हृदयाला इजा झाली की त्याचा एमबी हा प्रकार रक्तात वाढतो. तिच्या अहवालात एकूण कायनेज १४० आणि त्यातले एमबी १६५! घरात रडारड. मी मात्र तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. सोळा आण्यांतले अठरा आणे हृदयाचे कसे असतील?

त्या काळच्या चालू पद्धतीत एन्झाइमाचा एम हा भाग प्रतिपिंडाने झाकून उरलेल्याचे काम मोजत आणि त्याची दुप्पट करीत. पण काही वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध बायकांच्या, रक्तात बीबी प्रकाराला त्यांचीच प्रतिपिंडे मिठी मारून बसतात. ती जोडी रक्तातून लवकर जात नाही आणि गणित फुगते. इलायझात एम आणि बी दोन्ही असल्याखेरीज रंग येत नाही. डॉक्टरांना विचारून मी तिचे रक्त ताटलीत घातले. दोन तास गेले. प्रमाणाचे खळगे पिवळेधमक झाले. आत्याचे दोन्ही जवळजवळ पाण्यासारखे.

ई.सी.जी.तही काही नव्हतेच. डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून तिला घरी सोडले. दुखणे पित्ताचे निघाले.

आता या कामी ट्रोपोनिन मोजतात. एमबी मागे पडले. मी आत्याला सारा प्रकार समजावला, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझंच रक्त माझ्याविरुद्ध चहाडी करत होतं म्हण की," ती म्हणाली. "बरं, आता चकली खाऊ का?"

"पित्ताचं काय आत्या?"

"ते तुझ्या ताटलीत दिसत नाही ना? मग झालं तर!"