घाटाखालचं घर

एजंटचा बाबांना पहिला प्रश्न होता, "रोड टच आहे का?"

नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं, तिथून अर्धा तास आत चालायचं. नाणेघाटाच्या पायथ्याशी आजीचं एकटं घर. ती गेल्यापासून बंद आहे, घरपट्टी मात्र बाबा दरवर्षी भरतात.

आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देणारी धर्मशाळा आहे. तिचा व्हिडिओ मी ऑफिसात डेप्लॉयमेंटची वाट बघत पाहिला आणि आजीचा माठ आठवला. तो पडवीत कायम भरलेला असायचा. म्हशाच्या जत्रेला घाटावरची माणसं उतरायची ती आधी आमच्याकडे टेकायची, असं ती सांगायची. मी पाहिले ते फक्त ट्रेकर. एकाने पाणी पिऊन तांब्याखाली पन्नासची नोट ठेवली, तर आजी दोन दिवस धुसफुसत होती.

वर घाटमाथ्याला सातवाहनांची गुहा आहे. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे माल जायचा, त्याच वाटेवर. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख : यज्ञ, दान दिलेल्या गायी, नाणी, सगळं आकड्यांत. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. (कोड लिहिणाऱ्याला हे वाचून जरा गरगरतं.) समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आहेत आणि खाली काहींचे नुसते पाय. लहानपणी मला त्या पायांची भीती वाटायची. आता आमच्या घराच्या दारावरची आजोबांची पाटी बघताना तसंच काहीतरी होतं.

"एवढं आहे तर तिथून काम कर," बाबा म्हणाले. मेमध्ये करून पाहिलं. रेंज फक्त करवंदीच्या जाळीपाशी, तीही एक काडी. दुसऱ्या दिवशी स्टँडअप कॉल तुटला आणि मी ठाण्याला परतलो. म्हणजे बाबांचं चूक नाही.

रविवारी एजंटला घर दाखवायला मीच गेलो. आधी पोचून माठ घासला, झऱ्यावरून भरून आणला. तो घामाघूम होऊन आला, उभ्यानेच दोन तांबे प्यायला.

"मस्त पाणी. बारमाही आहे?"

आमच्या तालुक्यात, शेजारच्या शहापुरातही, उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात. आमचा झरा मेमध्येही वाहत होता.

"मार्चमध्ये आटतं," मी म्हटलं.

त्याने मोबाइलमध्ये नोंद केली. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.