कथा बसू?

गेल्या भाऊबीजेला धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने मी जळगावला बहिणीकडे पोहोचलो. ओवाळणीचे ताट तयार होते, पण भाचा काही खोलीबाहेर येईना. दोन रात्री त्याने झोप घेतली नव्हती म्हणे. शेवटी चिवड्याची वाटी घेऊन मीच आत गेलो.

"मामा, हे खोटं बोलतंय!" तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला.

आमचे गणित दहावीपाशीच थांबलेले. तरी खोटे बोलणाऱ्याविषयी कादंबरीवाल्याला कुतूहल असतेच, मी बसलो. चिरंजीवांनी संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक चालवला होता. लोखंडाचा नव्हे, क्यूईएमयू नावाच्या प्रोग्रामने उभा केलेला, मायावी. त्याच्या मनात काय चालले आहे ते बाहेरून पाहायला जीडीबी नावाचा डीबगर. हा हवे तिथे यंत्राला थांबवतो आणि त्याच्या स्मृतीतल्या आकड्यांचे हुकूम करून दाखवतो.

"घोळ मोडचा आहे," भाचा म्हणाला.

मोड म्हटले की मला मटकी आठवते. त्याने समजावून दिले ते असे. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर जागे होत आले ते १९७८ सालच्या ८०८६ सारखे, १६ बिटांच्या मोडमध्ये. मग प्रोग्राम त्यांना ३२ बिटांत नेतो (ही सोय १९८५ च्या ८०३८६ ने आणली) आणि तिथून ६४ बिटांत. म्हणजे दर सकाळी आपण बाराखडीपासून सुरुवात करून दुपारपर्यंत कादंबरी लिहावी, तसे! मोड बदलला की त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो. 'बी-आठ' या आकड्याने सुरू होणारा हुकूम १६ च्या मोडमध्ये तीन बाइटांत आटोपतो. ३२ च्या मोडमध्ये त्याला पाच लागतात. पुढच्या हुकमाचे दोन बाइट तो खुशाल गिळतो आणि तिथून पुढचे सगळे वाचन बिघडते.

डीबगरने आरंभीच ठरवून टाकले होते की समोरचा ३२ चा आहे. यंत्र बिचारे १६ च्या मोडमध्ये आपले काम नीट करीत होते. हा त्याचे भलतेच भाषांतर दाखवीत होता, आणि भाचा दोन रात्री आपल्याच प्रोग्रामला शिव्या घालीत होता.

"मग दर वेळी थांबवल्यावर यंत्रालाच विचारावं की, बाबा, तू कुठल्या मोडमध्ये आहेस?" मी म्हणालो.

"तेच हवं! पण एक बिट पाहून भागत नाही, मामा. ३२ कडे जायचं बटण दाबलं तरी एक लांब उडी मारेपर्यंत यंत्र हुकूम १६ च्याच रीतीने वाचतं. नेमकं त्या उंबरठ्यावर सगळं चुकतं."

त्याने हाताने डीबगरला १६ चा मोड सांगितला. पडद्यावरच्या ओळी सरळ झाल्या. चूक निघाली ती निराळ्याच जागी, एका तक्त्यात. भाचा हसत ओवाळून घ्यायला गेला. मी मात्र चिवडा तसाच ठेवून बसून राहिलो.

मी मूळचा वाईकडचा. वीसेक वर्षांपूर्वी धुळ्याच्या बाजूला मास्तर म्हणून आलो, त्या पहिल्या पंधरवड्यात एक नवा पोर वर्गाच्या दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, कथा बसू?"

"कथा शनिवारी," मी ठसक्यात म्हणालो. "आधी खाली बस!"

वर्ग खो खो हसला. मला वाटले, माझ्या विनोदाला. प्रत्यक्षात ती पोरे मला हसत होती. आणि त्या पोराला वाटले, आपल्याला. अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे, हे मला दिवाळीच्या सुटीनंतर शिपायाने सांगितले. तोवर मी प्रगतिपुस्तकात 'वर्गात लक्ष नाही' असा शेरा लिहून मोकळा झालो होतो. डीबगरला निदान कुणी सही करायला सांगत नाही.

मग मी अहिराणी शिकलो. आता तर रागावतोही अहिराणीतच. त्या पोराला मात्र मी पुष्कळदा अहिराणीत बोलते करू पाहिले. तो मान हलवी, वही पुढे करी. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. त्याचा आवाज मला आठवतो तो त्या दोन शब्दांपुरताच.

बाहेरून बहिणीने हाक मारली, "दादा, निरांजन विझतंय रे!"